भावाच्या दोन्ही लेकी

आमचं मूळ ईटकडचं, मेंढरं वळणारी माणसं आमी, बापाच्या मागं रानोमाळ हिंडत हिंडतच म्या मोठी झाले अन् लगीन करून हिकडं अणदूरच्या अंगाला आले. मालक लवकर गेलं. एकच पोरगं, दत्ता, त्यो तुळजापुरात एका लॉजवर कामाला लागला अन् मेंढरं माझ्याकडंच ऱ्हायली. आता सून कुठनं आणायची, तर माझ्या पाठच्या भावाला दोन लेकी, थोरली रेखा, धाकटी सारिका. थोरली म्या मागितली. भाऊ म्हणला, अक्का, मागायचं काय त्यात, तुझीच हाय. आमच्यात आत्याच्या घरी लेक देत्यात, नवं काय न्हाय त्यात.

काय सांगू तुम्हाला त्या पोरीचं. बारावी शिकलेली, पर मेंढराच्या वासाला कधी नाक मुरडलं न्हाय. मला म्हणायची, आत्या, चहात साखर कमी घाला, अन् सोता दोन चमचे जास्ती घालून प्यायची. दत्ता सुट्टीला आला की दोघं गाडीवर बसून खंडोबाला जायची, येताना माझ्यासाठी भेळ बांधून आणायची, पार मऊ झालेली असायची ती, तरी म्या खायची. पोरं आणत्यात तर खायाची.

त्या दिवशी वैशाखाचं ऊन लई तापलेलं. दुपार कलली अन् आभाळ भरून आलं, म्हणून आमी दोघींनी मेंढरं पत्र्याच्या शेडात घातली. दोन कोकरं बांधाच्या पल्याड ऱ्हायली. म्या उठले, तर म्हणली, आत्या, तुमचे गुडघे दुखत्यात, बसा, म्या आलेच. आलेच म्हणली बघा. पाऊस न्हवता, नुसता वारा. येकदाच वीज कडाडली, माझ्या डोळ्यापुढं सगळं पांढरं झालं, कानाला काय ऐकू येईना. म्या तशीच हाका मारत पळाले. बांधावरच्या लिंबाच्या अलीकडं पालथी पडलेली. येक कोकरू मेलेलं, दुसरं ओरडत उभं. पोरीला उताणी केली, अंगावर खरचटलेलं बी न्हाय, झोपल्यावानी. शेजारच्या रानातल्या माणसांनी टेम्पोत घालून तुळजापूरला नेली. डॉक्टरनं हात लावला अन् मान हलवली. दत्ता पळत आला तर हातात लॉजच्या खोल्यांच्या चाव्या तशाच. म्हणला, आई, ही बोलंना का.

भाऊ मातीला आला, माझ्या गळ्यात पडून रडला, मला लावून येक शब्द बोलला न्हाय. बोलला असता तर बरं झालं असतं.

वरीस झाल्यावर आला अन् म्हणला, अक्का, आता सारिका घे. म्या म्हणलं, याड लागलं का तुला. तर म्हणला, तुझं घर बंद पडंल अन् आपलं येणंजाणं तुटंल. दत्ता नकोच म्हणत हुता, पर सगळ्या भावकीनं मधी बसवून त्याच्याकडनं व्हय म्हणवून घेतलं. पोरीला म्या कडंला नेऊन इचारलं, बाई, तुझ्या मनात हाय का. खाली बघून म्हणली, आत्या, येते म्या, पर मला ताईच्या नावानं हाक मारू नका.

पर जीभ हाय, काय करायचं. लगीन होऊन चार दिवस झालं न्हायीत तर म्या रेखा म्हणून हाक मारली. तिनं उठून पाणी आणून दिलं. आता ती त्या नावाला ओ देती. अन् दत्ता सुट्टी असली तरी तुळजापुरातच ऱ्हातो, गर्दी हाय म्हणतो लॉजवर. दोघी बहिणींचं नाकडोळं येकच, त्यो तिच्याकडं बघतच न्हाय, हे मला कळतंय अन् तिलाबी कळतंय. भावाला म्या म्हणलं, पोरगी माघारी ने, तरणी हाय, पुढं शिकव, तर त्यो फोन ठेवून देतो. मग म्या तिलाच म्हणलं, जा बाई तू, माझ्याकडं बघू नको. ती म्हणली, जाऊन कुठं बसू आत्या, तिथं आई ताईसाठी रडती, हितं तुम्ही रडता.

परवा आमी दोघी ज्वारी निवडत बसलतो, तर म्हणती कशी, आत्या, ताईचा आवाज मला आठवंना झालाय, कसा हुता वो. म्या सांगायला तोंड उघडलं. तिचं बोलणं सगळं ध्यानात हाय माझ्या, शब्द न् शब्द, पर आवाज काय केल्या येईना, सारिकाचाच येतो कानात. मग म्या ज्वारीच निवडत बसले.

तुमच्या घरच्या पोरी सुखात ऱ्हाऊ द्या, दुसरं काय म्हणू म्या. माझ्या भावानं दोन्ही लेकी मला दिल्या. येक मातीत गेली, अन् येक ही बघा, तुमच्यासाठी चहा ठेवायला उठली.