नवसाची गुळवेल

हसू नका, पण माझी पीएचडी सध्या देवळीजवळ एका कडुनिंबावर लटकून राहिली आहे.

त्या झाडावर रानटी गुळवेल चढलेली. पावसाळ्यात तिच्या खोडाचा तुकडा मी प्रयोगशाळेत नेला होता. त्यातली औषधी द्रव्यं उन्हाळ्यात किती बदलतात ते बघायचं, म्हणजे पुन्हा कापायची ती तीच वेल. ओळखू यावी म्हणून तिला लाल धागा बांधून आले.

परवा गेले, तर वेलीवर लाल धाग्यांचा नुसता झुपका! खाली हळदकुंकू, नारळ. मी कोयता काढला तशी शेताची मालकीण शांताकाकू धावत आली.

"काय करून राह्यली वं? नवसाची वेल हाय ते!"

"काकू, पह्यला धागा माहाच होय. खुणेसाठी बांधला होता."

"काही मागतल्याबिगर कोणी लाल धागा बांधते का?"

इकडे मार्गदर्शक सरांचे फोनवर फोन, तिकडे एसटीची वेळ झालेली. वाद घालायला वेळ होता कुठे? म्हटलं, "बरं, मागतलं होतं. पीएचडी मागतली होती."

काकूचा चेहरा एकदम खुलला. "मंग भेटली का?"

"नाई ना! म्हणून तं वेल कापाची हाय."

काकूनं शांतपणे माझ्या हातातला कोयता काढून घेतला.

"मंग आता घरी जाय. पीएचडी भेटली का येजो, मीच देईन कापून."