नातीच्या वजनातली ओल

आमच्या बुढ्याचं सांगतो बायांनो, पन चहा खाली ठेवा आधी, नाही तं हासता हासता सांडान.

नात आमची दिवस भराच्या आधीच झालती. यवतमाळच्या दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरीणबाईनं बजावलं, "नुसतं आईचं दूध, वाटी-चमच्यानं, थोड्या थोड्या वेळानं. मध नाही, घुटी नाही. वजन नाही वाढलं तं परत भरती करा लागन."

सून भरतीच्या नावानंच थरथरे. हप्त्यानं आशाताई काटा घेऊन आली, पोरीले झोळीत टाकून लटकवलं. आम्ही सारे काट्यावर वाकलो.

"वाढलं!" ताई म्हणे.

सून नाचनारच, तं बुढा मधात पडला. "थांब ताई. झोळीचं वजन काप. पोरगी ओली हाये, ओलीचंबी काप."

सून रडकुंडीले आली. "मामाजी, व्यापाऱ्यानं कापसाच्या वजनातून ओल कापली तं तुम्ही भांडता. मंग नातीची कायले कापता?"

"कापूस विकाचा राह्यते. हे घरी ठेवाची हाये! खोटं वजन कोनाले दाखवाचं?"

झालं! लंगोट काढला, झोळी वेगळी मोजून वजा केली. तरीबी वजन वाढलेलंच!

बुढ्यानं पोरीले तशीच उघडी छातीशी धरली अन् आंगनभर मिरवली. पोरीनं तिथंच धार सोडली, बंडीपासून धोतरापर्यंत.

सून डोळे पुसत म्हणे, "ताई, काटा पिशवीत भरू नोका. आता मामाजीची ओल कापा!"