आधी ओळ, मग चिंचोका

ताई गेली, आता तिच्या वर्गातल्या चंचल पोरांना कोण बघणार? तिचं तेरावं झाल्यावर मी शाळेत जाऊन हेच विचारलं, तर हेडमास्तर माझ्या हातातल्या डब्याकडे बघत राहिले. डब्यात चिंचोके होते. ताई ते पोरांना बक्षीस द्यायची.

मग म्हणाले, "आज तूच बस त्यांच्याजवळ. पण त्यातली सायली आजही जागेवर बसली नाही, तर तिला घरीच ठेवायला सांगणार आहे."

मी मासेमारी बोटीवरचा खलाशी, शाळा चौथीत सोडलेली. वर्गात गेलो तर सायली बाकावर उभी, बाकीची पोरं वर्गभर. आमच्याकडे खलाशाला आधी उचल देतात, मग तो बोटीवर चढतो. तसे मी सगळ्यांना मूठमूठ चिंचोके वाटले आणि म्हटलं, "आता बसा!"

एक चिंचोका माझ्या कपाळावर बसला. पोरं काही बसली नाहीत.

सायली वरूनच ओरडली, "मामा, येडे काय तुम्ही? आधी एक ओळ लिहायची. मग एकच मिळतो, पण लगेच."

"आणि नाही लिहिली तर?"

"बाई वाट बघायच्या."

चिंचोके गोळा करून मी वाट बघत बसलो. हेडमास्तर दारात आले. तेवढ्यात सायली उतरली, बसली, एक ओळ लिहिली आणि हात पुढे केला. मी लगेच चिंचोका दिला.

"आज बसली. उद्या काय?" हेडमास्तर म्हणाले.

मी तिथूनच आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाला फोन लावला. "काका, नवी बाई येईपर्यंत माझ्या जागी दुसरा खलाशी बघा."