मामांच्या फेट्यावर निघालेली वरात

माझ्या जुन्या गाडीत नवरदेव बसवू नये, हे मला मुरुम गावात कळलं. लग्नाआधी नवरदेव भर उन्हात मारुतीच्या पाया पडायला उतरला. मी त्याच्या मामांना बजावलं, "इंजिन बंद करू नका. तापल्यावर परत चालू होत न्हाय." अन् नारळ आणायला गेलो.

येतो तर गाडी गप्प!

"देवापुढं धूर सोडायचा व्हय?" मामा म्हणाले.

मांडवातून फोनवर फोन. इंजिनाच्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली, तो गार करायला त्यावर ओलं फडकं पाहिजे. म्या मामांचा फेटाच काढला, हापशाखाली भिजवला, पंपाला गुंडाळला. दहा मिनिटांत पंप गार झाला. मग गाडीनं स्टार्ट घेतला.

मंगलाष्टकांना मामा नवरदेवामागं बोडक्यानं उभे, अन् मांडवाबाहेर गाडी फेटा बांधून चालूच!