भाचीचा बॅनर

जनू : दुपारीच तर बांधला गो. दिवससुद्धा उलटला नाय अजून, नि तू म्हणतेस उतरव.

अपेक्षा : मामा, हात जोडते तुला. लगेच उतरव. जनरल शिफ्टची बस रोह्यावरनं सुटली असेल. नागोठण्याला आली की झालंच.

सरू : येऊ दे की बस. चार मानसं बघतील. बघायलाच लावलाय ना? या कासूच्या फाट्यावर कोनाकोनाचे बॅनर लागले. शर्यतीत बैल पयला आला तर बैलाचा लागला. माझ्या लेकीचा लागला तर हिलाच काटा टोचतोय.

जनू : फोटो नाय आवडला काय? प्रिंटवाल्याला मी बजावलं होतं, भाचीला उगाच गोरी करू नको, हाय तशी ठेव.

अपेक्षा : माझा फोटो आहे कुठं त्यात? गॉगल लावून तूच उभा आहेस. मी तिकडं कोपऱ्यात, पोष्टाच्या तिकिटाएवढी.

जनू : शुभेच्छुकाला जरा जागा लागते. ग्रामपंचायत तोंडावर हाय.

सरू : तिकिटाएवढी तर तिकिटाएवढी. काळा झगा, चौकोनी टोपी. दुपारपास्नं तीनदा येऊन बघून गेले मी. झोपली होतीस म्हनून, नायतर तेव्हाच उठवून आनली असती.

अपेक्षा : आणायची होतीस. तेव्हाच उतरवला असता.

सरू : झालंय काय तुला?

अपेक्षा : त्या बसमध्ये निकेश असतो.

जनू : आत्ता बोललीस. मग सांगायचं ना सरळ. कोनाचा पोरगा? पेनचा?

अपेक्षा : सुपरवायझर आहे, मामा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. रोज खिडकीशी बसतो आणि सगळे बॅनर वाचत जातो. त्यानं हा वाचला की उद्या माझा गेटपास बंद.

सरू : का म्हनून? चोरी केलीस का कंपनीत?

अपेक्षा : बारावी सांगितलीय मी.

सरू : कोनाला? कसली बारावी?

अपेक्षा : कामाला लागताना शिक्षण विचारलं, तेव्हा बारावी पास सांगितलं. ग्रॅज्युएट घेत नाहीत ते.

जनू : थांब, थांब. मी उलटं ऐकतोय काय? कमी शिकलेला नको, हे ऐकलंय. जास्त शिकलेला नको, हे कुठलं नवीन?

अपेक्षा : ग्रॅज्युएट टिकत नाही म्हणतात. दोन महिन्यांत दुसरीकडं जातो. नाहीतर पगाराची पावती मागतो, ओव्हरटाइमचं विचारतो. बारावीवाला मान खाली घालून भरत राहतो.

सरू : काय भरत ऱ्हातो?

अपेक्षा : पिशव्या.

सरू : लॅबमधे पिशव्या भरतात?

अपेक्षा : आई, बस येईल गो.

सरू : मी इचारते ते सांग. लॅबमधे पिशव्या भरतात?

अपेक्षा : मी लॅबमध्ये नाय. पॅकिंगला आहे. लागले तेव्हापासून पॅकिंगलाच.

जनू : तरी मी बोलायचो, लॅबमधली पोरगी घरी येते तर केसांत पांढरी भुकटी कशी.

सरू : तू गप. पेनच्या बाजारात एक गिऱ्हाईक सोडलं नाय मी. वाल मापताना सांगितलं, पैसे मोडताना सांगितलं. माझी लेक पांढरा कोट घालते म्हनून.

अपेक्षा : कोट आहे. निळा आहे.

सरू : हसू नको.

अपेक्षा : हसत नाही. लॅबसाठी गेले होते मी, धाटावच्या तीन-चार कंपन्यांत. सगळीकडं अनुभव मागतात. अनुभव कुठं मिळतो विचारलं, तर म्हणाले, लॅबमध्ये. माझ्याबरोबर रांगेत एमएस्सी झालेली मुलं होती, रोह्याजवळ वरसे गावात खोली करून राहणारी. त्यांनाही नाही घेतलं. मग जिथं घेतात तिथं गेले.

सरू : नि मला का नाय सांगितलंस?

अपेक्षा : सांगायलाच आले होते. तू दारात साखर घेऊन उभी.

जनू : बाय, जाऊ दे आता. माझ्याकडं आयडिया हाय. उतरवायचा कशाला? पदवी तेवढी झाकू. दुकानात गुलाबी कागद मिळंल. वरनं लिवू, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

अपेक्षा : झगा आणि टोपी घालून कोण केक कापतं, मामा?

जनू : तलवारीनं कापतात ते चालतं. टोपीनं काय होतंय?

सरू : कोनी हात लावायचा नाय बॅनरला. सांगून ठेवते.

अपेक्षा : आई.

सरू : नाय म्हनजे नाय. मोड आलेले वाल सोलून सोलून माझ्या बोटांवर रेघा ऱ्हायल्या नाय. रेशनच्या दुकानातलं मशीन मला वळखत नाय. चार-चारदा अंगठा दाबते, पोरगा म्हनतो मावशी, तुम्ही तुम्हीच हाव कशावरनं. त्या अंगठ्यावर तुझं कॉलेज झालं. नि तू बारावी सांगून आलीस. माझी तीन वरसं पुसून टाकलीस.

अपेक्षा : तुझी नाही पुसली. माझी पुसली. मला काय मजा वाटते? टिफिनला बायका बसतात, एखादी म्हणते, माझ्या मुलीला सायन्स कळत नाही. मी तोंडात घास ठेवून गप्प. मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला की दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देते, मला येत नाही म्हणून. सांगू का आणखी?

सरू : नोकरी जाते तर जाऊ दे मग.

अपेक्षा : जाऊ दे बोलायला सोपं आहे. गॅस कोण भरणार? धाकटा साईराज आयटीआयला जातो तो कशावर? आणि मी काय करू, तुझ्याबरोबर वाल सोलू? म्हणजे मशीन दोघींना ओळखायचं नाही.

जनू : माझ्या समीक्षानं सकाळी घरी बॅनर बघूनच बोलून टाकलं, बाबा, मी पन बीएस्सी करनार, माझा पन असाच लाव. मी हो बोललो. आता तिला काय सांगू?

सरू : काय सांगशील? पिशव्या भरायला बीएस्सी लागते म्हनून सांग. अपेक्षा, इकडं बघ माझ्याकडं. येक सांग मला. एवढं शिकलीस, ते कधी येकदा तरी कामाला आलं? येक दिवस सांग. सांगितलास तर मी स्वता उतरवते.

अपेक्षा : आत्ता हे विचारायची वेळ आहे?

सरू : हीच हाय.

अपेक्षा : आलं. एकदा आलं.

सरू : कधी?

अपेक्षा : शिमग्याच्या आधी. जिते गावची वैशाली आहे ना...

सरू : जित्याची? जिची आयस बाजारात माझ्या बाजूला बसते, कडधान्य घेऊन?

अपेक्षा : तीच. माझ्याच लायनीला आहे. शिफ्ट संपताना फरशी धुवायची होती. तिनं पाइप घेतला आणि सांडलेल्या पावडरीवर पाणी मारायला निघाली. रोजची पावडर नव्हती ती, दुसऱ्या खात्यातला ड्रम चुकून आमच्याकडं आलेला. मी नाव वाचलं त्याच्यावरचं. त्याला पाणी लागलं की वाफ उसळते, आई. गरम, आंबट. डोळ्यांत गेली की संपलं. मी धावले आणि तिचा हात धरला. इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता.

जनू : बाप रे. मग?

अपेक्षा : मग निकेश आला. सगळ्यांना लांब केलं, कंपनीची माणसं येऊन पावडर उचलून घेऊन गेली. नंतर त्यानं मला बाजूला घेतलं. तुला कसं कळलं?

सरू : तू काय बोललीस?

अपेक्षा : ड्रमवर चित्र होतं, बोलले.

सरू : होतं?

अपेक्षा : घासून गेलेलं. तेव्हापासून तो माझ्याकडं जरा जास्तच बघतो. आणि आज हा बॅनर. फर्स्ट क्लास, केमिस्ट्री.

सरू : वैशालीला ठावं हाय? तू शिकलेली हायस ते?

अपेक्षा : तिला वाटतं, मी घाबरट आहे. सगळ्यांना सांगते, पाण्याला भिते ही.

सरू : तिची आयस परवाच मला सांगत होती, पोरीचं लगीन ठरतंय. डोळे बघून पोरानं हो म्हटलं म्हनून.

अपेक्षा : हो. येत्या महिन्यात सुपारी आहे.

सरू : जनू, चढ वर.

जनू : बाय, नक्की?

सरू : चढ म्हटलं ना. गाडी लाव खांबाला नि टपावर चढ. कोयता हाय ना गाडीत?

जनू : कोयत्यानं नाय व्हायचं. तारेनं बांधलाय मी. सुतळीनं बांधला की लोक रात्रीत कापून नेतात, पावसात पेंढ्यावर टाकायला. पक्कड कुठं गेली? अपेक्षा, सीटखाली बघ.

अपेक्षा : ही घे. मामा, खालची गाठ नको, आधी पदवीकडची सोड.

जनू : पदवीकडची कुठली? इथनं मला माझंच तोंड दिसतंय.

अपेक्षा : उजवीकडची. तुझी उजवी नाही, माझी. मामा, बस. पुलावर आली, दिवे दिसले. ओढ, नुसता ओढ.

जनू : ओढतोय. तार बसलीय. सरका दोघी, सरका, येतोय खाली.

(बॅनरची एक बाजू सुटते. मायलेकी त्याच्याखाली झाकल्या जातात.)

सरू : अगो माझी कंबर.

अपेक्षा : हलू नको. बस थांबली. कोणतरी उतरतंय.

जनू : काय नाय साहेब, आपलाच बॅनर. वाऱ्यानं पडला. व्हय, गॉगलवाला मीच. निवडनुकीचं जरा बघतोय. लक्ष असू द्या.

सरू : हाच काय तुझा निकेश? आवाज तर पोरसवदा हाय.

अपेक्षा : तोच. हळू बोल.

सरू : आत उजेड येतोय बघ. रंगीत. ही तुझी टोपी, उलटी. नि हे नाव तुझं, व्हय ना? चौथीपर्यंत गेलेली हाय मी, नाव वळखते. त्याच्याफुडं काय लिवलंय?

अपेक्षा : आई, बस जाऊ दे.

सरू : वाच ना. इथं कोन ऐकतंय?

अपेक्षा : बीएस्सी.

सरू : फुडं.

अपेक्षा : केमिस्ट्री. फर्स्ट क्लास.

सरू : परत वाच.

अपेक्षा : कुमारी अपेक्षा, बीएस्सी, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. झालं? रडतेस काय?

सरू : धूळ किती हाय याच्यावर.

जनू : गेली. गेली बस. या भायेर. बोलला, फोटो झकास आलाय. मत पक्कं समजा बोलला. पेनचा मानूस, त्याचं मत आपल्याला काय कामाचं, पन बोलला.

अपेक्षा : वाचलं नाही ना त्यानं?

जनू : माझ्या तोंडाखेरीज काय दिसत नव्हतं. मी बोललोच होतो, शुभेच्छुक मोठा पायजे.

अपेक्षा : आज गेला. उद्या कोणतरी सांगेल. परवा आणखी कोणतरी सांगेल. रोज गेटवर पास दाखवताना वाटतं, आजचा शेवटचा.

सरू : तर मग दुसरीकडं बघत ऱ्हा. बघनं सोडू नको. तोवर मी बाजारात तोंड बंद ठेवते.

अपेक्षा : तू? तोंड बंद?

सरू : परयत्न करीन.

जनू : ते सगळं ठीक हाय. पन मला सांग ना भाचे, समीक्षाला पाठवू का नको? घरी गेलो की ती इचारनार, बॅनर का काढला.

अपेक्षा : पाठव म्हणायला जीभ उचलत नाही, मामा. नको म्हणायलाही नाही. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, पहाटे उठायचंय. मला आज नको विचारू.

सरू : तिला नको इचारू. जित्याला जा, वैशालीच्या घरी. च्या पी. ती पोरगी समोर येऊन बसंल, तिच्याकडं नीट बघ. मग घरी जाऊन ठरव.

जनू : बरं. नि या बॅनरचं काय करू? चांगला जाड हाय. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकू?

सरू : खुराड्यावर माझी लेक टाकतोस? आन इकडं. पडवीचं छप्पर गळतंय, तिथं टाकू. कौलाखालनं तान.

अपेक्षा : पडवीत लोक येतात आई. वाल घ्यायला.

सरू : वाल घ्यायला आलेलं मानूस वालाकडं बघतं. वर कोन बघतंय?

जनू : छापलेली बाजू वर करू ना? कौलाकडं?

सरू : खाली कर. सोलायला मी तिथंच बसते.