सुपरहीरोची बहीण

सिनेमा सुटला आणि बसच्या रांगेत मागच्या बहीणभावाची जुंपली. पुढे उभ्या नर्सबाईंनी फोन पर्समध्ये टाकून कान टवकारले.

“कॉमिकमध्ये त्याचा फाटका पोशाख बहीणच शिवते. कुणी ओळखू नये म्हणून चादरीखाली वाळत घालते. सिनेमात तिचा पत्ताच नाही.”

“ताई, दोन तासांत कुणाकुणाला दाखवणार?”

“हेलिकॉप्टरं उडवायला वेळ होता की. पोशाख म्हणे आपोआप सांधला जातो. घरात आपोआप काय होतं रे?”

“लोक हीरोला बघायला येतात.”

“हो, आणि टाळ्याही त्यालाच.”

“सिनेमाच आहे गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“मी सिनेमाबद्दलच बोलतेय. परवा सत्काराला तू ‘एकट्याच्या हिमतीवर शिकलो’ म्हणालास, तेव्हा मी अवाक्षर काढलं का?”