एक अख्खं अंडं

...आणि म्हणे आरामात बसा! अहो, कसला आराम? तुम्हाला सांगतो, पोरीच्या नादी लागून एका रविवारी त्या नव्या कॅफेत गेलो आणि होता तो आरामही घालवून बसलो. मेसेरेत, माझी मुलगी. बँकेत आहे, तिचं सगळं कसं टापटीप. म्हणाली, अबाये, आता रिटायर झालात, एकदा तरी शांतपणे ब्रंच करा. म्हटलं, हे काय असतं बाई? तर धड नाश्ता नाही, धड जेवण नाही, मधल्याच वेळेला काहीतरी खायचं आणि वर कॉफी प्यायची. म्हटलं, मग आपण रविवारी इतकी वर्षं काय करतोय? तर म्हणाली, "एकट्याने, अबाये, एकट्याने."

आता एकट्याने... आमच्या अडीस अबाबात एकटं कोण खातं, सांगा? एकटा खाणारा म्हणजे एक तर आजारी, नाहीतर घरी भांडून आलेला. पण खरं सांगू? तो शब्द डोक्यात जाऊन बसला. कारण रविवारी चर्चमधून आलो की आमच्या घरी अर्धी गल्ली. माझी बायको, अस्कालेच तिचं नाव, कॉफीच्या बिया भाजणार, कुटणार, उकळणार, मग पहिली फेरी, मग दुसरी, मग तिसरी बरकतीची, आणि तिसरी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तोवर दुपार. एका थाळीत एकच इंजेरा, म्हणजे आमची थाळीभर आंबोळी, त्यात सात-आठ हात, आणि कोंबडीच्या रश्श्यातलं अंडं नेमकं पाहुण्याच्या बाजूला. ईस्टरचा उपास नुकता सुटला होता, दोन महिने अंड्याचं तोंड बघितलं नव्हतं. मला एक अख्खं अंडं हवं होतं. गरम. माझं एकट्याचं. एवढंच.

पण बायकोला सांगणार काय? तुझी कॉफी सोडून दुसऱ्याची प्यायला चाललो? त्यापेक्षा दुसरं लग्न केलेलं तिने चालवून घेतलं असतं! सांगितलं, तेसेमाचा गुडघा सुजलाय, बघून येतो. तेसेमा माझा शाळेपासूनचा दोस्त. तर ही हळहळली, आत गेली आणि लोण्याची बरणी घेऊन आली. म्हणाली, नीट चोळा त्याला. झालं, एक हात खिशात, दुसऱ्या हातात लोणी, असा मी ब्रंचला निघालो.

कॅफे म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिथे टायरचं दुकान होतं ना, तिथेच. चार टेबलं, उशा, कुंड्या, भाजलेल्या कॉफीचा वास... सुंदर! तिथली मुलगी बेझा, गोड पोर, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली, "गाशे, इथे बसा, ऊन छान येतं." बसलो. तुम्हाला सांगतो, तिथेच चुकलो. ते टेबल काचेपाशी, आणि काच ही जमिनीपासून छतापर्यंत! मी आत, गल्ली बाहेर, मध्ये लपायला काडीसुद्धा नाही.

ताट आलं. भाजलेला पाव, त्यावर अवोकॅडो, त्यावर दोन अंडी, पांढरीशुभ्र, आत बलक हलतोय. शेजारी कानाच्या कपात माकियातो, दुधाचा फेस घातलेली कॉफी. मी काटा उचलला... आणि काचेपलीकडे कोण? तेसेमा. दोन्ही गुडघे ठणठणीत, टणाटण चालत निघालेला. नजर भिडली. आता समोर ताट आहे, माणसाशी नजर भिडलीय, 'या, जेवूया' म्हणायला नको?

म्हणालो. आणि ते नुसतं म्हणायचं असतं हो! आपण म्हणायचं 'या, जेवूया', त्याने म्हणायचं 'देव तुम्हाला देवो' आणि पुढे जायचं, आमच्याकडे आजवर असंच चालत आलंय. पण या नव्या कॅफेत आहे तरी काय, हे सगळ्या गल्लीला बघायचं होतं ना! तेसेमा पहिल्याच हाकेला आत. बसला, पाव मोडला, बोटाने बलक फोडला, एक अंडं संपलं. मग बरणी उघडली, वास घेतला, म्हणाला, वा, वहिनींच्या हातचं दिसतंय, आणि स्वतःच्या गुडघ्याचं लोणी स्वतःच पावाला फासून खायला लागला.

तेवढ्यात आमचे पाद्री, अबा तेक्ले. समोर ताट आहे, नजर भिडलीय, म्हणायला नको? ते आले, आम्ही क्रूसाचं चुंबन घेतलं, आणि त्यांनी अन्नाला आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. या माणसाचा आशीर्वाद कधी लवकर संपलाय का? पेरणाऱ्याला झाला, दळणाऱ्याला झाला, कोंबडीला झाला... माकियातोचा फेस खाली बसला, अंडं थंड पडलं. मग शेजारची झेनेबेच आणि तिची नणंद, दोघी काचेला नाक लावून उभ्या. आता तुम्हीच सांगा, म्हणायला नको?

दोघी आल्या, आणखी खुर्च्या आल्या. दुसऱ्या अंड्यातलं अर्धं त्या दोघींनी संपवलं, उरलेलं अर्धं मी पावाखाली सरकवून ठेवलं होतं, म्हटलं सगळे गेले की खाईन. पण सगळे जाणार कुठे? तर माझ्याच घरी, कॉफीला! आणि मग माझ्या लक्षात आलं, की अख्खी गल्ली इथे बसलीय, म्हणजे घरी अस्कालेच भाजलेल्या बिया पुढ्यात घेऊन एकटीच बसली असणार. मला खरंच कसंतरी झालं. मान वर केली, तर काचेपलीकडे ती.

आत आली. माझ्याकडे बघितलंच नाही. बरणीकडे बघितलं, तेसेमाच्या हातातल्या पावाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊजी, गुडघ्याला उतार पडतोय का?"

तेसेमा तोंडभर घास घेऊन म्हणतो, कुणाच्या?

मी काय करणार? पावाखालचं ते अर्धं अंडं काढलं, पावात गुंडाळलं आणि म्हणालो, "ये, जेवूया," आणि सगळ्यांदेखत तिला घास भरवला. आमच्याकडे हाताने भरवलेला घास नाकारायचा नसतो. तिने खाल्ला. बेझाने तिच्या हातात गरम माकियातो ठेवला. अस्कालेचने तो कप फिरवून फिरवून बघितला. मग हळूच विचारलं, "पोरी, हे भाजायला, कुटायला, कप धुवायला मला उठायचं नाहीये?" बेझा म्हणाली, नाही, एमामा, तुम्ही फक्त प्या. लग्न झाल्यापासून कुणी तिला आयती कॉफी दिली नव्हती. मीसुद्धा नाही. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

लाज वाटली ती महागात पडली! आता दर रविवारी ती चर्चमधून परस्पर कॅफेत जाते आणि घरी बिया मी भाजतो. हो, मी! झेनेबेच म्हणते करपल्या, तेसेमा म्हणतो पाणचट झाली, आणि तिसऱ्या फेरीशिवाय उठत कुणीच नाही. परवा मध्येच कोळसा संपला, आणायला निघालो, म्हटलं जाताजाता कॅफेवरून जावं. नजर भिडली तर तिलाही म्हणावं लागेलच की! काचेशी उभा राहिलो. खोकलो. कोळशाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. टेबल तेच, ताटात दोन अख्खी अंडी, वाफाळलेली, आणि आमची अस्कालेच... काचेकडे पाठ करून बसली होती.